काकांनी मारलेली परड

विद्यापीठाच्या प्राणी संग्रहालयात आमच्या वर्गाला नेलं, तेव्हा बाकीच्या मुली पेंढा भरलेल्या बिबट्यासमोर फोटो काढत होत्या. मी सापांच्या बरण्यांकडे गेले. मला परड बघायची होती. पुस्तकात तिला घोणस म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचताना ती याडीला, म्हणजे माझ्या आईला, चावली. याडी वाचली, पण उजव्या हाताचं एक बोट काढावं लागलं आणि त्याच्या शेजारचं अजून वाकत नाही.

बरणीत ती वेटोळं करून पडली होती, फिकट झालेली. मी काचेला नाक लावून मनात म्हटलं, बरं झालं. शिकायला आलेल्या मुलीने असं म्हणावं का, माहीत नाही. आमची परडही मेलीच होती. याडी दवाखान्यात असताना काकांनी परडीला बांधावर मारलं, काठीवर टांगून फोटो काढला आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून जाळलं. तो फोटो मी मोबाइलमध्ये जपला होता. रडू आलं की उघडून बघायचे.

तिथेही उघडला. ठिपके जुळेनात. बरणीतल्या परडीच्या अंगावर साखळीसारखे गोल ठिपके ओळीने होते. फोटोतल्या सापावर वेडेवाकडे डाग, शेपूट तोडल्यासारखं आखूड. तसाच साप शेजारच्या बरणीत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: डुरक्या घोणस, बिनविषारी. वर्गासोबत आलेल्या मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि हळूच सांगितलं की हा डुरक्याच आहे, पुष्कळ लोक फसतात.

परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. मला एकच दिसत होतं. याडी त्याच बांधाजवळ रोज झाडांत बेधडक हात घालते, कारण परड मेली असं काकांनी सांगितलं आहे.

घरी आल्यावर मी तिला दोन्ही बरण्यांचे फोटो काकांच्या फोटोसोबत दाखवले आणि मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. वाटलं होतं, घाबरेल. तिने तिन्ही फोटो पुन्हा मागेपुढे करून बघितले.

"म्हणजे माहा बोकड त्यानं डुरक्याच्या नावावर खाल्ला," ती म्हणाली.

दवाखान्यातून आल्यावर तिने काकांसाठी बोकड कापला होता. दिराने माझ्या बोटाचा सूड घेतला, असं अख्ख्या तांड्यासमोर बोलली होती. त्यानंतर काका प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगायचे आणि दर लग्नात परड थोडी लांब व्हायची.

मी म्हटलं, हा फोटो तांड्यात सगळ्यांना दाखवते. याडी नको म्हणाली. तिने काकांना निरोप पाठवला की वेचायला माणूस कमी आहे.

सकाळी काका चपला घालून आले. याडी बूट घालून, लांब काठी घेऊन उभी होती. तिने त्यांना बांधाकडच्या ओळीवर नेलं आणि माझा मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"भाऊजी, तुमी मारला तो डुरक्या होता. परड इथंच असन कुठीतरी. ही ओळ तुमी वेचा."

काका हसले. पोरगी कॉलेजात जाऊन काहीही शिकून राह्यली, म्हणाले.

"मंग घाला हात."

खालच्या फांद्यांवर बोंडं फुटून पांढरी झाली होती. काका वाकले. हात झाडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी काठीसाठी याडीकडे बघितलं. याडीने काठी दिली नाही. तिचा बोट गेलेला हात काठीवर होता, काकांना दिसेल असा.

मी मध्ये बोलू शकले असते. बोलले नाही. मला वाटत होतं, काकांचा हात अजून थोडा वेळ तसाच राहू दे.