सहाची वाट

तिसरीतली माझी सई आणि तिची चुलत बहीण रमा ल्युडो खेळत होत्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. रमाच्या सोंगट्या पटभर फिरत होत्या, सईच्या चारही घरातच.

"तू बस घर झाडत," रमा म्हणाली.

सई रडकुंडीला येऊन डाव सोडायला निघाली. "बाबा, सहा सगळ्यात मोठा ना, म्हणून तो मुद्दाम कमी पडतो."

मी हिशेबी माणूस. फाशाच्या सगळ्या बाजू सारख्याच, असं मी सांगितलं.

"मग तीन कसा सारखा पडतो?"

मी मनाशी हिशेब मांडला. तीनची कुणी वाटच बघत नाही. तो येतो, जातो. ज्याची आस धरतो, त्याचाच उशीर आपण मोजतो; एरवी मोठी माणसं तरी दुसरं काय करतात? तिला एवढंच सांगितलं, की वाट बघितली की उशीर वाटतो.

ती मांडी ठोकून पुन्हा बसली. "आता मी तीनची वाट बघणार."

"अगं वेडे, तीनने सोंगटी निघत नाही!" रमा म्हणाली.

"माहितीये," फासा मुठीत खुळखुळवत सई म्हणाली. "पण तोही उशीर करतो का, ते मला बघायचंय."