चाकाखालचा दगड

कसारा घाट उतरताना एकदा बाबांच्या जीपचे ब्रेक गेले. गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम तापून जळका वास सुटला, पेडल नुसतंच खाली जाऊ लागलं, तेव्हा बाबांनी गाडी डोंगराला घासत कशीबशी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही, पण माझ्या थोरल्या भावाची झोप उडाली. बाबांचं मरण त्या ड्रममध्येच आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

त्याने भिवंडीच्या भंगारातून एका मोटारीचे डिस्क ब्रेक आणले आणि शहापूरच्या मेस्तरीकडून मागच्या चाकांना बसवून घेतले. हँडब्रेकची केबल जुन्या ड्रमला जोडलेली होती. ड्रम गेले, तशी मेस्तरीने ती कापून टाकली. दांडा मात्र ड्रायव्हरशेजारी होता तसाच राहिला. हँडब्रेक हवाय कुणाला? आमच्याकडे गाडी उतारावर न्यूट्रलला लावायची, पुढच्या चाकाखाली दगड ठेवायचा. बॅटरी मेलेली असली तरी दगड काढला की गाडी घरंगळत चालू व्हायची.

"बाबा, आता घाटाचा बाप आला तरी आपलं वाकडं नाय करनार," दादा म्हणाला. केबलबद्दल सांगायचं त्याला सुचलंच नाही.

बाबा मात्र चाकाखालचा दगड कधी रस्त्यात सोडत नसत. "मागून कोनी सायकलवाला आपटंल रे," म्हणायचे आणि दुसऱ्यांनी टाकलेले दगडही कडेला नेऊन ठेवायचे. आधी हँडब्रेक ओढायचा, मग दगड उचलायचा, हा त्यांचा रिवाज.

डिस्क बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेणव्याच्या उतारावर दादा पॅसेंजर बोलवायला चहाच्या टपरीकडे गेला होता. बाबांनी दांडा ओढला. तो नेहमीसारखाच कटकटला. मग ते चाकापुढे वाकले आणि त्यांनी दगड काढला.

घाटातून वाचलेला माणूस एवढ्याशा उतारावर गेला. मला आजही संताप येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

स्मशानात मडक्याला भोक पाडायला दगड लागतो. तोच पुढे जीवखडा म्हणून दहाव्यापर्यंत जपायचा असतो. "दगड उचल रे," म्हाताऱ्यांनी दादाला सांगितलं. पायाशी कितीतरी दगड पडले होते. दादा वाकला आणि तसाच खाली बसला.

"माज्यानं नाय होत," एवढंच म्हणाला.

शेवटी दगड मी उचलला.