खांद्यावर प्रिंट

काकू दार उघडल्यावर आधी बाळाकडे बघत नसत. आधी आईच्या खांद्यांकडे बघत. उजवा, मग डावा, मग तिथून खाली कमरेपर्यंत एकदा नजर फिरली की हात पुढे करून बाळ घेत. नवीन आयांना ते जरा लागायचं. आपलं कुणी निरीक्षण करतंय असं वाटायचं. मलाही तसंच वाटलेलं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, राहत्या घरातच त्यांचं पाळणाघर होतं. दाराला पाटी नव्हती. दोन खोल्या, खाली सतरंज्या, शोकेसमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती आणि तिच्यापुढे रोज एक ताजं फूल. पॅसेजमध्ये भिंतीला दहा-बारा खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. मला वाटलं, मुलांचे जादा कपडे असतील. पण मुलांचे कपडे आत कपाटात असत. त्या पिशव्या आयांच्या होत्या. एक कुर्ता, एक ओढणी, दोन सेफ्टी पिना.

ईरा सात महिन्यांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले. ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी होते. ड्रॉइंग करायचं, साईटवर जाऊन मापं घ्यायची, घरमालकांशी बोलायचं. नवऱ्याची बदली नाशिकला झालेली, तो शनिवारी यायचा. सासर-माहेर दोन्ही लांब. पहिल्या दिवसासाठी मी मुद्दाम नवा कुर्ता घेतला होता, क्रीम रंगाचा. काकूंच्या दारात ईराला त्यांच्याकडे देता देता ती माझ्या खांद्यावर ओकली.

"क्रीम?" काकू म्हणाल्या. ओकारीबद्दल एक शब्द नाही. "आई झालीस ना गं तू?"

मनगटाला धरून त्यांनी मला आत ओढलं, ओल्या फडक्याने खांदा पुसला आणि स्वतःची गडद जांभळी ओढणी दोन पिनांनी अशी लावून दिली की डाग पार दिसेनासा झाला. "संध्याकाळी आणून दे. आणि रडायचं असेल तर त्या कोपऱ्यापर्यंत रड, पुढे नको. काजळ घातलंयस."

मी कोपऱ्यापर्यंत रडले.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला एका मोठ्या कामाच्या मीटिंगला नेलं. घोडबंदर रोडला फ्लॅट होता, नवरा-बायको दोघं समोर बसलेले. मी प्लॅन समजावत होते. बोलता बोलता त्या बाईंची नजर खाली गेली आणि पटकन दुसरीकडे वळली. मी बघितलं. आकाशी कुर्त्यावर छातीशी दोन ओले गोल उमटले होते. ईराची दुधाची वेळ झालेली, माझ्या लक्षातच नव्हतं. मी फाइल छातीशी धरली आणि पुढचं काय बोलले ते मला आजही आठवत नाही. सर चांगले होते. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "तू सध्या ऑफिसमध्येच बस. साईट दुसऱ्या कुणाला देऊ. तुला सोपं जाईल." ते रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी मी काकूंना सांगितलं, "एक तारखेपासून ईराला नाही आणणार. राजीनामा देतेय."

काकू एका मुलाला वरणभात भरवत होत्या. घास तसाच हातात ठेवून त्यांनी विचारलं, "काय घातलेलंस?"

"काकू, इथे माझी नोकरी जातेय आणि तुम्ही कपडे विचारताय?"

"तेच विचारतेय. काय घातलेलंस?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मुलाच्या तोंडात घास दिला आणि म्हणाल्या, "रविवारी अकरा वाजता ये. कल्याणला जाऊ. तिथे दुकानात कापडाला हात लावू देतात."

रविवारी त्या साडी नेसून बाहेर आल्या. एरवी त्यांना मी कायम गाऊनमध्ये, वर ओढणी अशीच बघितलेली. साडीत त्या वेगळ्याच दिसत होत्या, कुठल्यातरी शाळेच्या मुख्याध्यापक बाईंसारख्या. ईराला मी पोटाशी बांधलेलं. काकू पुढे, आम्ही मागे. दुकानात गेल्यावर त्यांनी पहिला कुर्ता हातात घेतला, मुठीत घट्ट चुरगळला, मनात दहा आकडे मोजले आणि मूठ उघडली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, कापड खराब होईल."

"तेच बघतेय, बाबा. हिच्या घरी इस्त्री करायला कोण नाही."

मग त्यांनी बोटाला पाणी लावून कापडाच्या आतल्या बाजूला टेकवलं. ओलं दिसतं का बघितलं. "पुढून उघडणारं दाखवा," म्हणाल्या. दुकानदाराने फीडिंगच्या कपड्यांचा गठ्ठा काढला. काकूंनी तो हातानेच परत सरकवला. "त्यात ती आजारी दिसेल. मला ऑफिसचं दाखवा, पुढे बटणं असलेलं." मला त्यांनी दोन्ही हात वर करायला लावले. नंतर म्हणाल्या, "उकिडवी बस. साईटवर वाकतेस ना? बस इथेच, लाजतेस काय."

त्या दिवशी मी त्यांचं सगळं शास्त्र ऐकलं. खांद्यावर प्रिंट हवीच, तिथे मूल डोकं ठेवतं. पांढरं आणि क्रीम पाच वर्षं विसरायचं. पँट तीनच घ्यायच्या, काळी, निळी, तपकिरी. कुठलाही कुर्ता कुठल्याही पँटवर गेला पाहिजे, सकाळी अर्धवट डोळ्यांनी हात घातला तरी जोडी जमली पाहिजे. वरून बिनबाह्यांचं सुती जाकीट, घरात टांगलेलं वेगळं आणि ऑफिसच्या खणात वेगळं. "आणि खिसा नसेल तर घेऊ नको. तुझा एक हात आता कायम अडकलेला असणार."

मला एक मोहरीच्या रंगाचा साधा रेशमी कुर्ता फार आवडला होता. मी तो दोनदा हातात घेतला. काकूंनी बघितलं. "घे हवा तर. पण तो तुझा नाही, तुझ्या फोटोचा आहे." मी तो ठेवून दिला.

नंतर आम्ही उसाचा रस प्यायला बसलो. ईरा झोपलेली. काकू ग्लासकडे बघत म्हणाल्या, "मी पण कामाला होते. वागळे इस्टेटला, बल्बची कंपनी. तारा जोडायचं काम. माझा हात चांगला होता, सुपरवायझर नव्या मुलींना माझ्याकडे शिकायला बसवायचा."

"मग सोडलंत का?"

"नितीन झाला. सव्वा महिन्याने परत गेले. शेजारणीकडे ठेवायचे त्याला. बारा दिवस गेले मी. बाराव्या दिवशी लाईनवर बसलेले आणि ब्लाऊज पुढून भिजला. पांढरा कोट होता वरून, त्यातूनही दिसलं. बाजूला दोन पुरुष होते. ते हसले नाहीत, काही नाही. पण मीच उठले आणि घरी आले. तेराव्या दिवशी गेलेच नाही." त्यांनी रस संपवला. "घरात सगळ्यांना वाटलं, बाळासाठी सोडली. यांना पण तसंच वाटलं, शेवटपर्यंत. मी सांगितलं नाही. एका ब्लाऊजसाठी नोकरी सोडली असं कसं सांगणार?"

त्यांनी उठून पदर नीट केला आणि पिशव्याही त्यांनीच उचलल्या.

सोमवारी मी गडद निळ्या ठशांचा कुर्ता आणि जाकीट घालून सरांसमोर उभी राहिले आणि साईट परत मागितली. कपड्यांनी काही जादू केली नाही. एवढंच, की त्या दहा मिनिटांत मला माझ्या अंगाचा विचार करावा लागला नाही, त्यामुळे बोलता आलं. सर "बघू" म्हणाले. पंधरा दिवसांनी एक छोटी साईट दिली, मग दुसरी.

साईटमुळे मला उशीर व्हायला लागला. बाकीची मुलं साडेसहापर्यंत जायची, ईरा शेवटची. मी धापा टाकत पोचायचे, माफी मागायचे. काकू म्हणायच्या, "अगं, सावकाश ये ना. कोण मागे लागलंय?" मला वाटायचं, मोठेपणा आहे. एकदा काम लवकर संपलं म्हणून मी चारलाच पोचले. दार उघडून काकूंनी माझ्या खांद्याकडे बघितलंच नाही. घड्याळाकडे बघितलं. "आज लवकर?" एवढंच म्हणाल्या, आणि ईराला आणायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यांचे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नितीन पुण्याला, चाकणच्या बाजूला नोकरीला. तो वाईट मुलगा नव्हता. फोन करायचा, "आई, बंद कर ते, इकडे ये" म्हणायचा. त्या म्हणायच्या, "तिथे माझं काय काम?" एका रविवारी मी त्यांच्या घरावरून जात होते. खिडकीतून दिसलं, काकू सतरंजीवर एकट्या बसून मुलांची दुपटी घडी करत होत्या. घडी झालेलं दुपटं उलगडायच्या, परत घडी करायच्या. मी हाक मारणार होते. पण हातात भाजी होती, ईरा घरी बाबाजवळ रडत असणार होती. मी पुढे गेले.

ईरा चार वर्षांची व्हायच्या बेतात असताना इमारत धोकादायक ठरली आणि रिकामी करायला लागली. नवीन बांधकाम होऊन घर मिळेपर्यंत काकू भाड्याने टिटवाळ्याला गेल्या. तिथेही पाळणाघर सुरू करायचं त्यांच्या मनात होतं. सोसायटीने नाही म्हटलं. मुलं रडतात, जिन्यात चपला पडतात. शेवटच्या दिवशी त्यांनी खिळ्यांवरच्या पिशव्या एकेकीला परत दिल्या. माझ्या पिशवीतला कुर्ता धुऊन, घडी करून ठेवलेला होता.

वर्षभराने मी ईराला घेऊन टिटवाळ्याला गेले. जायला वर्ष लागलं, हे लिहायला मला आवडत नाही, पण लागलं. तिसरा मजला, नवी इमारत, स्वच्छ फरशी. काकू बारीक झालेल्या. ईरा माझ्या मागे लपली आणि शिकवल्यासारखं "नमस्ते आजी" म्हणाली. तिला काहीच आठवत नव्हतं. मी ओशाळले.

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "पोरांना एवढ्या लहानपणचं काय आठवणार? आयांना आठवतं."

चहा झाला. त्यांनी मला खिडकीशी नेलं. "इथून सकाळी बायका स्टेशनला जातात. एक आहे, पांढरा पंजाबी ड्रेस घालते, कडेवर बाळ असतं. रोज त्या वळणावर थांबते आणि रुमालाने खांदा पुसते. मला इथून दिसतं."

"मग सांगा ना तिला."

"कसं सांगू? ओळख नाही. तीन मजले उतरेपर्यंत ती गेलेली असते." मग म्हणाल्या, "एकदा उतरलेले. ती म्हणाली, आजी, उशीर होतोय."

निघताना मी पुन्हा येईन म्हटलं. त्या "ये" म्हणाल्या, आग्रह केला नाही. त्यानंतर दोन दिवाळ्यांना मी फोन केला. तिसऱ्या दिवाळीला साईटवर होते, राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी "काकू!" म्हटलं. पलीकडे पुरुषाचा आवाज होता.

"ईराची आई का?"

नितीन होता. काकू आठ दिवसांपूर्वी गेल्या होत्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं. तो म्हणाला, "आईच्या फोनमध्ये सगळी नावं अशीच आहेत. आरुषची आई, तन्वीची आई. कोणाला कळवायचं समजेना, म्हणून एकेकीला लावतोय. रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे, कल्याणला, हॉलवर वंदना होईल. तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. मग मला विचारावं लागलं. "दादा, काकूंचं नाव काय होतं?"

"सुजाता," तो म्हणाला.

रविवारी मी लवकर पोचले. हॉलच्या दाराशी फळ्यावर खडूने त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. आत वीसेक माणसं होती, बहुतेक नात्यातली, पांढऱ्या कपड्यांत. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी एक बाई लगबगीने आली, माझ्यापेक्षा तरुण, खांद्याला ऑफिसची बॅग. तिने फळा वाचला, मोबाइलमध्ये काहीतरी बघितलं, पुन्हा फळा वाचला आणि परत वळली. मी उठून तिच्या मागे गेले. ती जिना उतरायला लागलेली.

"तुम्ही पाळणाघरवाल्या काकूंसाठी आलात का?"

"हो," ती म्हणाली, "पण इथे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे."

"त्याच," मी म्हणाले. "सुजाता. या, अजून सुरू नाही झालं."