नऊ नंबर बेडवरचा अर्धा तास

नोकरीचं पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. नाही झाला तो फक्त जिच्या नावे पत्र आलं होतं तिला.

पत्र शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाचं होतं. नर्सिंगचा निकाल लागून धड दोन महिनेही झाले नव्हते, वर्गातल्या निम्म्या मुली अजून अर्ज घेऊन वणवण फिरत होत्या, आणि हिला थेट आयसीयूत बोलावणं. दुसरी कुणी असती तर तिचे पाय जमिनीला लागले नसते. ही मात्र पत्र वाचून पांढरीफटक पडली आणि पाणी प्यायला म्हणून जी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

तिचे वडील शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. त्यांनी गळ्यातली टेप न काढता पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पॅन्ट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. पॅन्टला टाचण्या लावलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला हलायची सोय नव्हती. त्याने मुकाट्याने सगळं ऐकून घेतलं.

"आमची पुतळी हो," बाबा अभिमानाने म्हणाले. "कॉलेजात मैत्रिणी तिला पुतळी म्हणतात. उगाच नाही म्हणत, आहेच तशी रेखीव."

आता इथे खरं काय ते सांगून टाकायला हवं. पुतळी हे नाव रूपावरून पडलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाला असताना एका सकाळी वॉर्डातल्या एका म्हातारीला अचानक धाप लागली. सिस्टर ओरडल्या, "मास्क लाव!" मास्क हिच्याच हातात होता. म्हातारी समोर, मास्क हातात, मधे दीड हाताचं अंतर, आणि ही जागच्या जागी थिजली. हात हलेना, पाय हलेना, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी शेजारच्या मुलीने मास्क तिच्याकडून ओढून घेतला आणि म्हातारीला लावला. सगळं मिळून पंधरा सेकंदांचं प्रकरण. म्हातारी दुपारी उठून बसली, व्यवस्थित जेवली, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडलीसुद्धा. पण संध्याकाळपर्यंत कॉलेजभर नाव झालं होतं.

मैत्रिणींनी चार दिवस चिडवलं आणि मग सोडून दिलं. नाव तेवढं राहिलं. एकीने घरी फोन करून "पुतळी आहे का?" असं विचारलं आणि बाबांनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावून घेतला. त्यांचा तो आनंद बघून तिची खरं सांगायची छाती झाली नाही. ती स्वतः मात्र ते पंधरा सेकंद विसरली नव्हती. जनरल वॉर्डात आपण थिजलो तर शेजारी दुसरी मुलगी असते. आयसीयूत थिजलो तर माणूस हातचा जाईल, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि त्या विचाराने तिचं खाणंपिणं उडालं होतं.

तिच्यापुढे दुसरी वाटही होती, आणि ती आत्याने आणली होती. आत्या डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती आणि तिथे तिच्या शब्दाला वजन होतं.

"थेंब घालायचे, पट्टी बांधायची, घरी पाठवायचं," आत्या म्हणाली. "नऊ ते पाच. रविवारी सुट्टी. तीस वर्षांत एक पेशंट दगावला नाही आमच्याकडे."

"एक गेला होता की," बाबा सुई ओवता ओवता म्हणाले.

"तो बाहेर गेला! डोळ्याला पट्टी बांधून रस्ता ओलांडायला कुणी सांगितलं होतं त्याला? तो आमच्याकडे धरत नाहीत."

धाकट्या बहिणीने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्ही नोकऱ्यांचे फायदे-तोटे लिहायला घेतले. डोळ्यांच्या दवाखान्याचे फायदे लिहिता लिहिता पान भरत आलं. तोट्यांच्या बाजूला तिने पेन्सिल चावत बराच विचार केला आणि एकच शब्द लिहिला: आत्या. ते पान आत्याच्या हाती लागलं आणि पुढचा अख्खा दिवस ती कुणाशी बोलली नाही. घरात तेवढीच शांतता.

आयसीयूला उत्तर शनिवारी पाचपर्यंत द्यायचं होतं. शनिवारी तीन वाजता ती 'नाही' पाठ करून हॉस्पिटलात पोचली. 'संधी दिल्याबद्दल आभारी आहे, पण सध्या घरच्या अडचणीमुळे' इथवर वाक्य तयार होतं. घरची अडचण कुठली, ते वाटेत ठरवायचं राहून गेलं होतं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. बोलणं तुटक, आणि समोरच्याचं ऐकून घ्यायला वेळ नाही.

"उत्तर द्यायला आलीस?"

"हो सिस्टर. संधी दिल्याबद्दल—"

"आत्ता नको. आधी झोप."

"काय?"

"नऊ नंबर रिकामा आहे. अर्धा तास झोपायचं. इथे येणारी प्रत्येक जण आधी पेशंट होऊन झोपते. हो म्हणणारीही आणि नाही म्हणणारीही. मग काय ते सांग."

नवीन माणसाला बेडवरून हा विभाग कसा दिसतो ते कळावं म्हणून सिस्टरांनी ही पद्धत पाडली होती, आणि त्यातून कुणाची सुटका नव्हती. दोन मिनिटांत तिच्या कपड्यांवर पेशंटचा झगा चढला. छातीला वायरी चिकटल्या, बोटाला चिमटा लागला, डोक्यावरच्या मॉनिटरवर तिच्या काळजाची रेघ उड्या मारायला लागली. खऱ्या पेशंटच्या घशात श्वासाची नळी असते; हिच्या ओठांच्या कोपऱ्यात नळीचा नुसता तुकडा ठेवून सिस्टरांनी तो पट्टीने गालाला चिकटवला.

"नळीवाल्याला बोलता येत नाही, म्हणून बोलायचं नाही. उठायचं नाही. घड्याळ बघायचं नाही," असं बजावून सिस्टर निघून गेल्या.

आणि त्याच क्षणी तिच्या नाकाला खाज सुटली.

हात मोकळे होते, पण एका बोटाला चिमटा, दुसऱ्या हाताला दाब मोजायचा पट्टा; तो दर थोड्या वेळाने फुगायचा आणि दंड आवळायचा. चिमट्याचा हात नाकाकडे नेला की मॉनिटर कोकलायला लागायचा. दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. छताला पांढरे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात बारीक भोकं. ती मोजत राहिली. दोन मदतनीस बायका तिच्या अंगावर चादर घालता घालता नव्या चपला कशा लागतात यावर बोलत होत्या. एकीने तर चप्पल काढून टाच दाखवली. खाली बेडवर कुणी आहे, याची त्या दोघींनी दखलच घेतली नाही.

मग एक शिकाऊ डॉक्टर आला. नऊ नंबरवर संध्याकाळी एक पेशंट यायचा होता आणि त्याची फाईल आधीच येऊन पडली होती. ही झोपायची भानगड त्याला कुणी सांगितलेली नव्हती. त्याने फाईल बघितली, मॉनिटर बघितला, परत फाईल बघितली.

"काका," तो प्रेमाने म्हणाला, "ऐकू येतंय का? पाय हलवा बघू."

ती हबकली. पण बोलायला बंदी होती, आणि परीक्षेत नियम मोडायची तिला लहानपणापासून सवय नव्हती. तिने पाय हलवला.

"छान, काका! आता दुसरा."

तिने दुसराही हलवला. डॉक्टर खूश झाला. 'पुरुष, वय अठ्ठावन्न, दोन्ही पाय हलवतात' असं काहीतरी लिहून, मॉनिटरकडे बघून मान डोलावून तो चार नंबरकडे गेला. तिला हसू फुटत होतं, रडू येत होतं आणि नाक खाजत होतं, तिन्ही एकदम.

या सगळ्यात तिच्याकडे, म्हणजे थेट तिच्या तोंडाकडे, एकच माणूस बघत होता. आठ नंबरचे आजोबा. चाव्या बनवायचं छोटं दुकान होतं त्यांचं, म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणायचे. त्यांच्या घशात मात्र खरोखरीची नळी होती, मशीन श्वास देत होतं. माणूस पूर्ण जागा होता. नळी दुसऱ्या दिवशी काढायची होती. पण त्याआधी ती ओढली गेली तर जिवावर बेतणार, हे तिला शिकवलेलं होतं. मान वळवली की ते समोरच दिसायचे; दोघांमधे फक्त एक टेबल होतं.

तेवढ्यात चार नंबरजवळ कसलीशी घाई झाली आणि सिस्टर, डॉक्टर, सगळे तिकडे वळले. आणि तिने पाहिलं, आजोबांचा हात उठला. हळूहळू वर आला. थेट तोंडाकडे, नळीकडे गेला, बोटं नळीला लागली.

त्यानंतर काय झालं ते तिला नीटसं सांगता येत नाही. आपण बेडवरून कधी उतरलो, तिला कळलंच नाही. वायरी ताडताड सुटल्या, चिमटा उडाला, गालावरची पट्टी अर्धी लोंबत राहिली, झग्याचा बंद बेडच्या दांड्यात अडकून टरकन फाटला. तिने दोन्ही हातांनी आजोबांचं मनगट धरलं आणि असेल नसेल त्या ताकदीने ओरडली, "सिस्टर! नळी ओढतायत!"

पण तिचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? नऊ नंबरच्या मॉनिटरवर वायरी सुटल्यामुळे सरळ रेघ आली होती आणि तो आयसीयू डोक्यावर घेत होता. चार माणसं धावत आली ती नऊ नंबरवर. शिकाऊ डॉक्टर सगळ्यात पुढे. "काका!" म्हणून त्याने चादर बाजूला केली आणि रिकाम्या गादीकडे बघत राहिला. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस असा गादीतल्या गादीत गेला कुठे?

इन्चार्ज सिस्टर तेवढ्या सरळ आठ नंबरवर आल्या. एका नजरेत त्यांनी नळी तपासली, मशीन तपासलं. सगळं जागच्या जागी होतं.

"काय झालं?"

"नळी ओढत होते, सिस्टर. मी हात धरला."

आजोबांनी जमेल तेवढी मान हलवली. नाही, नाही. मोकळ्या हाताने त्यांनी हवेत लिहिल्यासारखं केलं.

"पाटी हवीय त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "सोड हात. आणि हात धुतले होतेस, धरायच्या आधी?"

"नाही."

"मग धुऊन ये."

ती बेसिनवर गेली. एकदाची आपण हललो, आणि त्यात हे असं हसं करून घेतलं. पाच वाजायचीही गरज नव्हती आता. सिस्टरच 'नाही' म्हणतील आणि आपल्याला ते वाक्य बोलावंच लागणार नाही, असं तिला वाटलं. तिने साबण लावून दोनदा हात धुतले, मग उगाचच तिसऱ्यांदा धुतले.

ती परतली तोवर आजोबांचं लिहून झालं होतं. अक्षर वेडंवाकडं, ओळ खाली उतरत गेलेली. सिस्टरांनी पाटी तिच्या हातात दिली.

'पोरी, रडू नकोस. मलाही नळी आहे बघ. पहिले दोन दिवस जड जातात. मी आहे शेजारी.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. नळी ओढायला नव्हता उठला तो हात. शेजारच्या बेडवरची पोरगी एकटीच डोळे गाळतेय म्हणून हा माणूस आपल्या घशातली नळी दाखवून तिला धीर देत होता. ज्याला स्वतःचा श्वाससुद्धा मशीनकडून घ्यावा लागत होता, त्याने. तिला आता खरंच रडू कोसळलं, आणि ते तिने लपवलं नाही. एवढ्या भल्या माणसाला फसवल्यासारखं झालं म्हणून ती त्यांच्याजवळ वाकली.

"आजोबा, मी पेशंट नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. "मी नर्स आहे. इथली."

"इथली?" मागून इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं. "कधीपासून?"

ती वळली. पाठ केलेलं वाक्य आठवून बघितलं, त्यातला 'संधी' एवढाच शब्द आठवला.

"सोमवारपासून, सिस्टर."

"सकाळी सात. सातला पाच कमी असताना." सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून वहीत लिहून टाकलं. वर न बघताच त्या म्हणाल्या, "आणि पहिले दोन दिवस म्हणजे किती, ते मला विचारू नकोस. मला बावीस वर्षं झाली."

आजोबांनी मात्र तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. फाटका झगा, लोंबती पट्टी, ओठाजवळ नळीचा तुकडा, लाल डोळे. आयसीयूत पडून पडून माणसं कायबाय बोलायला लागतात, हे त्यांनी इतक्या दिवसांत पुष्कळ पाहिलं होतं. परवाच सहा नंबरचे गृहस्थ आपण स्टेशनमास्तर असल्याचं सगळ्यांना सांगत होते. आजोबांनी कीव येऊन पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'हो हो. आता पड जरा.'

"अकरा मिनिटं राहिलीत अजून," सिस्टर म्हणाल्या. "पड म्हणतायत तर पड."

ती गेली आणि निमूट पडली. आजोबांनी टेबलावरून हात लांब करून तिचं बोट धरलं आणि पुरी अकरा मिनिटं सोडलं नाही.