रतनचं तिसरं कडवं

वाकोल्यात मावरं विकत फिरणारी मथुरा त्या दुपारी एका बंगलीच्या फाटकाशी थबकली. डोक्यावरची मासळीची पाटी उतरवायचंही भान तिला राहिलं नाही. आतून तिच्या भावाचं गाणं ऐकू येत होतं, आणि भावाला खाडीनं नेऊन दहा वर्षं होत आली होती.

माहुलच्या कोळीवाड्यात रतनसारखा पोरगा दुसरा झाला नाही. घरचे सगळे होडीवर, हा गिटारवर. तोंडाला तेलाच्या टाक्यांना मारतात तो चंदेरी रंग, पायात उंच टाचांचे बूट, अंगात आईच्या लुगड्याची जर लावलेलं जाकीट! त्याच्या 'सिल्व्हर टाइड' बँडला गावातली मोठी माणसं हसायची, पण त्यांचीच पोरं चोरून गालांवर चंदेरी पट्टे ओढायची. बँडची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. मग पंचाहत्तर साली एका सकाळी रतन एकटाच होडी घेऊन गेला. होडी परत आली, तो आला नाही.

निघताना त्यानं किनाऱ्यावर जाळं सांधणाऱ्या मथुराला एक नवं गाणं ऐकवलं होतं. दोनच कडवी. "तिसरा कडवा मी परत आल्यावर," म्हणाला होता. ते गाणं तिनं कुणाजवळ कधी गुणगुणलंही नव्हतं.

मथुरा तशीच आत शिरली. ड्रमवर चंदर होता, रतनचा जुना जोडीदार. आता पोट सुटलेला, ऑफिसात कारकून. सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या पोरांना बँडची गाणी शिकवायचा. गात होती ती त्या घरातली शुभा.

"चंदर, हे गाणं हिला तू दिलंस?"

"मी? मी ऐकलंच नव्हतं गं कधी. चाल रतनची, म्हणून मला वाटलं, हिनं तुझ्याकडून घेतलं."

शुभा दोघांकडे बघत राहिली. "मावशी, मी तर तुम्हाला आज पहिल्यांदाच बघतेय. कुणी शिकवलं ते आठवतच नाही. म्हणताना तोंडात खारट पाणी येतं, एवढंच."

मथुरानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "पुढं म्हण," ती कशीबशी म्हणाली.

शुभानं दोन कडवी म्हटली. मग डोळे मिटून, जन्मात कधी न बोललेल्या कोळी बोलीत, तिसरं सुरू केलं: "आये, वाट नको बघू गो, पान्यान मना घर गावलाय…"

चंदरच्या हातातली काठी खाली पडली.

देह मिळाला नाही म्हणून अंजनाबाईनं, मथुरा-रतनच्या आईनं, त्याचं दिवसकार्य होऊ दिलं नव्हतं. म्हातारीला आता दिसत नव्हतं. मथुरानं हातापाया पडून शुभाला त्याच संध्याकाळी माहुलला नेलं. ओटीवर बसून पोरीनं सगळं गाणं म्हटलं. म्हातारी हलली नाही. गाणं संपल्यावर हात पुढं करून तिनं शुभाचा गाल चाचपला.

"जेवलास काय रं?"

"जेवलो गो आये," शुभा म्हणाली.

म्हातारीनं हात काढून घेतला. "मथुरे, उद्या भटाला बोलव."

कार्य झालं. शुभाला त्या संध्याकाळचं फक्त गाणं आठवत होतं. आपण काही बोललो हे तिला पटेना, आणि मथुरानंही तो विषय वाढवला नाही. चंदरच्या पोरांचा बँड मात्र नाव काढू लागला. वाकोल्याच्या गणपतीत पोरं ते गाणं मागून घ्यायची. मथुरा मांडवाबाहेर उभी राहून ऐकायची. तिसरं कडवं सुरू झालं, की पहिल्या रांगेतली पोरं हळूच खारट ओठ पुसायची.