पलीकडच्या रांगेतले बूट

आई मंगळवारी गेली. तेराव्यानंतर तिचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यातून रबराचा वास आला आणि ठाण्यातलं ते दुकान आठवलं. निवृत्त झाल्यावर आईला डोंबिवलीतल्या बायकांच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर मलंगगड चढायचा होता, म्हणून आम्ही दोघी बूट घ्यायला गेलो होतो. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि तेव्हाचंच माप खरं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. बायकांच्या प्रत्येक जोडात तिची रुंद पावलं दाबली जात होती. मग तिने पलीकडच्या रांगेतला एक काळा, बोजड जोड चढवला, पदर खोचून बूट पारखायला ठेवलेल्या दुकानातल्या उतरत्या फळीवरून चालून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, बोटं कशी मोकळी राहतायत बघ! हेच घेऊ." "आई, ते जेन्ट्सचे आहेत. ग्रुपमधल्या बायका हसतील." "हसू देत की! पाय माझे आहेत, त्यांचे नाहीत," असं म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा पडलेला चेहरा बघून नाड्या सोडल्या. आम्ही जांभळे लेडीज बूट घेतले. वापरून सैल होतील, असं मीच म्हटलं. मलंगगडाच्या निम्म्या वाटेवरून ती दोन्ही अंगठे सोलवटून परत आली. पुढे ग्रुपचं बोलावणं आलं की ती गुडघ्यांचं कारण सांगायची, आणि मी ते खरं मानलं, कारण ते मला सोयीचं होतं. आता माझी पावलंही तिच्यासारखी पसरली आहेत. मी डोंगरावर जाते तेव्हा जेन्ट्सचेच बूट घालते. अजून कोणी हसलेलं नाही.