जावयाच्या इंजिनाला पंख

भावोजींवर सूड उगवायचा असं मी ठरवलं ते एका धोंड्याच्या महिन्यात. संधी आली त्यानंतर आठ महिन्यांनी. मधल्या काळात मी त्यांच्याशी इतका गोड वागलो की आईला माझी काळजी वाटायला लागली.

कारण होडी. मी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होतो. मार्व्याच्या किनाऱ्यावर कुणीतरी टाकून दिलेली फायबरची छोटी होडी मी दोन वर्षं रविवारचे रविवार घालवून उभी केली. तडे बुजवले, फळ्या बसवल्या. मागे लावायचं इंजिन कुर्ल्याच्या भंगारात मिळालं, ते रात्रपाळी करून आल्यावर घराच्या गॅलरीत खोललं आणि जोडलं. शेजारी तेलाच्या वासावरून भांडायला यायचे. पहिल्यांदा ते पाण्यात सुरू झालं तेव्हा मी रडलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही.

मग अधिक महिना आला. जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा द्यायचं ठरलं होतं. जेवून हात धुता धुता भावोजी म्हणाले की दिवा कशाला, ती होडी नाहीतरी सहा दिवस पडूनच असते. मी वडिलांकडे पाहिलं. सगळं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून काढलेला माणूस. होडी म्हणजे काय ते त्यांना मी सांगायला नको होतं. ते माझी नजर चुकवून म्हणाले, "जावयान तोंडान मागल्यान. आता नाय कसा म्हणूचा?"

संपलं. अनारशांच्या ताटाबरोबर माझी होडी ताईच्या नवऱ्याची झाली. जावई दशमग्रह म्हणतात ते उगाच नाही. आमच्याकडे त्या ग्रहाला उलटून बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे मी मनात डूख धरला.

भावोजी फोर्टातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि कोणत्याही विषयावर त्यांना मत असे. एका शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. ऑफिसातले दोन मित्र चहा पीत बसले होते आणि टीपॉयवर एक खोका होता. एका मित्राच्या भावाने दुबईहून आणलेला. आत काळ्या प्लास्टिकचे दोन चपटे तुकडे, माशाच्या परासारखे. इंजिनाच्या पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला चार भोकं पाडायची आणि दोन्ही बाजूंना हे पंख बसवायचे. खोक्यावरच्या चित्रात होडी पाण्यावर तरंगत नव्हती, जवळजवळ उडत होती.

मी तो पंख हातात घेऊन पाहिला. वस्तू खोटी नव्हती. वेग घेतला की तो होडीचा मागचा भाग वर उचलणार, एवढं मला लगेच कळलं. ज्या होडीचं बूड मागे बसतं तिला तो औषधच. पण भावोजी पाहुण्यांना नेहमी पुढे बसवायचे, वाऱ्याला. बर्फाची पेटी पुढे, पाण्याचे कॅन पुढे. पुढे एवढं ओझं आणि त्यात मागून उचल, म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाठीवर लाट आली की होडी नाक खुपसणार आणि आडवी होणार. म्हणून मी तोंड उघडलं. सूडबिड विसरून, फिटर म्हणून उघडलं.

"भावोजी, वजन बघून लावायला हवं हे."

ते मित्रांकडे पाहून हसले. "तुझं मत कोण विचारतंय रे? भोकं पाडायला बोलावलंय तुला."

मित्रही हसले. चहाचा कप माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला आणि म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, भावोजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्व्याच्या वाळूत बसून मी हाताच्या ड्रिलने चार भोकं पाडली. माझ्याच इंजिनाला. पण भोकं सरळ पाडली, बोल्ट घट्ट आवळले. कामात खोट नको, नाहीतर आळ माझ्यावर आला असता. तोंडाशी ओहोटीला छातीएवढंच पाणी असतं, दोन्ही मित्र पोहणारे आहेत, भावोजीही पोहतात, हे मी मनाशी दहा वेळा घोकलं. मला फक्त ते पाण्यात पडलेले बघायचे होते. इस्त्रीच्या शर्टासकट, मित्रांसमोर. किनाऱ्यावर चांगली जागासुद्धा हेरून ठेवली होती.

तेवढ्यात ताई आली. डबा घेऊन. आज मीही येणार म्हणाली आणि साडी सावरत सरळ पुढच्या फळीवर जाऊन बसली. खलाशाची मुलगी, पण पोहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आठ महिने जपलेली गोष्ट अशी हातातून जाताना मला तिचाच राग आला. एक दिवस घरी बसली असती तर काय बिघडलं असतं? भावोजी इंजिनाची दोरी ओढत होते. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि ओरडलो, "ताई, मागे बस. ती पेटी, कॅन, सगळं मागे घे."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उठली. बाई मागे गेली म्हणून मित्रही पुढून उठून मधे आले. आता ओझं सगळं मागे होतं. म्हणजे पंखाला हवं होतं अगदी तिथे.

होडी झकास गेली. खाडीच्या तोंडातून बाहेर जाऊन मागच्या लाटेवर परत आली ती पाणी कापत, नाक सरळ ठेवून. मी इतके रविवार त्या होडीत बसलो, पण ती अशी पळताना पाहिली नव्हती. मित्र टाळ्या वाजवत उतरले. भावोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की फिटर लोक उगाच घाबरतात. मला त्यांचा हात मनगटापासून पिळावासा वाटत होता.

ते मित्रांना घेऊन चहाच्या टपरीकडे गेले. ताई मागे राहिली.

"मला मागे का बसवलंस?"

मी खरं ते सांगितलं. वजन, पंख, लाट. ती ऐकत राहिली. तिला सगळं समजलं, वडिलांची मुलगी होती.

"आणि मी आले नसते तर सांगितलं असतंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण एवढा वेळ आतल्या आत उकळत होतो, शिवाय त्या थापेची जागा अजून हुळहुळत होती.

"नाही," मी म्हणालो.

ती डबा उचलून नवऱ्याच्या मागे टपरीकडे गेली. तिने त्यांना कधीच काही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं.

त्या वर्षी भाऊबीजेला भावोजी एकटेच आले. हिचं डोकं दुखतंय म्हणाले. आईने त्यांच्यासाठी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि मी कोरड्या कपाळाने त्यांना वाढत होतो.